पाच गाठींचा धागा

माझ्या नवऱ्याच्या आत्याबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण गल्लीत कोणी नवी चप्पल घातली तर ते सगळ्यांत आधी त्यांनाच कळायचं. ओसरीवर रहाट फिरवता फिरवता त्या म्हणायच्या, "काय बाप्पा, आज भल्ली करकर वाजून राहिली," आणि चप्पलवाला ओशाळून हसत पुढे जायचा.

त्या सात वर्षांच्या असताना त्यांच्या गावी, खाप्यात, देवीची साथ आली होती. तिच्यात त्यांचे दोन्ही डोळे गेले. लग्न झालं नाही. पुढे माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या भावाने, खाप्याचं घर मोडून माग नागपूरला आणला, तेव्हा त्याही आल्या. "माग आला, रहाट आला अन् मी आली," असं त्या सांगायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू-सासरे दोघंही नव्हते. घरात नवरा, आत्याबाई आणि खड्ड्यात पाय सोडून विणायचा माग, एवढेच. सून म्हणून मी ज्यांना भ्यायचं त्या आत्याबाई एकट्याच, आणि त्यांना भिणं मला कधी जमलं नाही, कारण त्या फार हसवायच्या.

नवरा नऊवारी लुगडी विणायचा. त्याला लागणाऱ्या कांड्या आत्याबाई रहाटावर भरायच्या. कांडी म्हणजे बोटाएवढी नळी, तिच्यावर सूत गुंडाळून ती मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालतात. सूत कोणत्या नंबरचं आहे हे त्या दोन बोटांत चोळून सांगायच्या. दुकानदाराने चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, आत्याबाईंचं बोट खरं निघायचं.

माझं माहेर सावनेरचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये होते, आमच्या घरी माग नव्हता. मी चौथी शिकले. शाळेत तपासणीला साहेब आले की मी समोरच्या मुलीच्या पाठीमागे वाकून बसायची. परक्या माणसापुढे माझा आवाज निघत नसे, आणि लग्नानंतरही निघाला नाही. वाचता मात्र चांगलं येत होतं. नवऱ्याला सहीपुरतं येत होतं. म्हणून घरात आलेला कोणताही कागद माझ्याच हातात यायचा, आणि मी तो हळू आवाजात वाचून दाखवायची.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी महापालिकेची निवडणूक झाली. आत्याबाईंना नवरा घेऊन गेला. तिथे साहेबांनी सांगितलं की आंधळ्या माणसासोबत घरचं कोणी आत जाऊ शकतं. नवरा आत गेला, त्याने शिक्का मारला, कागद पेटीत टाकला आणि त्यांना घरी घेऊन आला. ओसरीवर बसल्यावर आत्याबाईंनी विचारलं, कोणाले मारला गा? नवऱ्याने सरळ सांगून टाकलं की शेटजीले. गांधीबागेतल्या ज्या दुकानातून आम्हाला सूत मिळायचं आणि जिथे लुगडी जायची, ते शेटजी उभे होते. त्यांना मत द्यायचं नाही तर कोणाला, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने काही लबाडी केली असं त्याच्या डोक्यातही नव्हतं.

पुढचे दोन दिवस आत्याबाईंनी कांड्या इतक्या सैल भरल्या, की नवऱ्याचा धागा दर हातभर विणलं की तुटायचा. तिसऱ्या दिवशी तो मागातून उठून म्हणाला, "आत्या, माह्यं काही चुकलं का?" त्या म्हणाल्या, "तुह्यं काय चुकन गा. शाई माह्या बोटाले, अन् मत तुह्यं."

नवरा हसला आणि परत मागात जाऊन बसला. त्याला ती थट्टा वाटली. मला तसं वाटलं नाही, कारण ती शाई उडेपर्यंत आत्याबाई अंगठ्याने ते बोट चोळत बसायच्या, सूत चोळून बघतात तसं.

पुढची निवडणूक आली तेव्हा माझी मोठी मुलगी चालायला लागली होती. आमच्या वॉर्डात पाच जण उभे होते. शेटजी पुन्हा होतेच, त्यांची निशाणी घोडा. बाकीचे छत्री, कुलूप, तराजू आणि होडी. कुलूप आणि होडी आमच्या गल्लीत कधी आलेच नाहीत. छत्रीवाला आला, माझ्या नवऱ्याशी बोलला आणि गेला. शेटजी स्वतः आले, हात जोडून उभे राहिले, आणि म्हणाले की या घरची तीन मतं तर आपलीच आहेत. नवऱ्याने मान हलवली. आत्याबाई समोरच रहाटाशी बसल्या होत्या. तीन मतांत त्या मोजल्या गेल्या, पण त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

तराजूवाला आला तेव्हा नवरा गांधीबागेत सूत आणायला गेला होता. हा माणूस पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता. मी दाराच्या आड. घरात पुरुषमाणूस नाही म्हटल्यावर तो परत जाईल असं मला वाटलं. पण तो ओसरीच्या काठावर बसला आणि आत्याबाईंनाच विचारू लागला की आजीबाई, तुमचं काही गाऱ्हाणं आहे का.

आत्याबाईंचा रहाट थांबला. गाऱ्हाणं तर होतंच. आमच्या दारासमोरून उघडी नाली जायची, आणि तिच्यावरची फरशी कोणीतरी उचलून नेली होती. मागच्या दिवाळीत आत्याबाई तिच्यात पडल्या, महिनाभर पाय सुजलेला होता. ते सांगून त्या म्हणाल्या, "चाला, दाखवतो तुम्हाले." त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि बरोबर नालीच्या अलीकडे चार बोटांवर येऊन थांबल्या. तो त्यांच्याकडे बघत चालत होता. तो थांबला नाही. त्याचा पाय घोट्याच्या वरपर्यंत नालीत गेला.

आत्याबाई हसत म्हणाल्या, "तुम्हाले तं डोळे आहेत."

मी आत तोंडाला पदर लावला. तो माणूस मात्र चिडला नाही. ओलं धोतर पिळता पिळता म्हणाला की आजीबाई, मी निवडून येवो न येवो, ही नाली आता विसरणार नाही. मग आमच्या रांजणातलं पाणी घेऊन पाय धुऊन गेला.

त्या दुपारी आत्याबाईंनी मला सगळ्यांची पत्रकं पुन्हा वाचायला लावली. पाचही वाचली. मग खूप वेळ त्या कांड्या भरत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सूनबाई, या वेळी मी माह्या हातानं शिक्का मारीन."

मी म्हटलं की मला सांगा कोणाला मारायचा, मी सोबत येऊन मारते, कोणाला सांगणार नाही.

"तुले काहून सांगू? तू नाही सांगणार, पण तुह्यं तोंड सांगन. माह्या भाच्यानं विचारलं तं तुह्या तोंडावर लिहून येते सगळं."

त्यांनी माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण हे खरं होतं.

मग त्यांनी हात पुढे केला, म्हणजे मतपत्रिकेचा कागद दाखव म्हणून. छत्रीवाल्याच्या पोरांनी दारोदार नमुन्याचे कागद टाकले होते. एकाखाली एक पाच घरं, प्रत्येक घरात नाव आणि निशाणी, आणि छत्रीच्या घरात शिक्का मारून दाखवलेला. खाली छापलं होतं की खरी मतपत्रिका एवढीच आणि अशीच असेल. आत्याबाईंनी त्याच्यावरून वरखाली बोटं फिरवली. मग परत दिला. म्हणाल्या की यात काहीच नाही वं, नुसता सपाट आहे.

मला वाईट वाटलं. मी कागद घेऊन उठले, तर समोर मागाच्या खांबाला खिळ्यावर गाठींचे धागे लटकत होते.

हे धागे विणकराच्या घरी असतातच. पदरात पट्टे घालायचे असले की कोणता पट्टा किती अंतरावर येतो त्याचा एक धागा करून ठेवतात. एक मोठी गाठ, ती सुरुवातीची. मग पुढे लहान गाठी, प्रत्येक पट्ट्याला एक. कापडावर धागा ताणून धरला की कुठे रंग बदलायचा ते कळतं. हे धागे आत्याबाईच करून द्यायच्या. मी पाच वर्षं ते रोज झाडताना बाजूला सारत होते.

मी एक कोरा धागा घेतला. नमुन्याच्या कागदावर लांबीने ठेवला, आणि प्रत्येक घराच्या मधोमध एक अशा पाच गाठी मारल्या. कागदाच्या काठाला एक मोठी गाठ. दुसऱ्या काठाशी धागा तोडला. आत्याबाईंच्या हातात दिला आणि सांगितलं, ही मोठी गाठ म्हणजे कागदाची सुरुवात. मग छत्री, मग घोडा, मग कुलूप, मग तराजू, मग होडी.

त्यांनी एकदा बोट फिरवलं आणि त्यांना सगळं समजलं. फक्त माझ्या गाठींवर त्या नाराज झाल्या. असल्या गाठी मारशीन तं तुह्या पोरीची वेणीबी सुटन, म्हणाल्या. दातांनी एकेक गाठ सोडून, बोटांनी अंतर धरून, त्यांनी त्या परत मारल्या. मग आम्ही तालीम केली. वाटीत हळद कालवली, रिकाम्या कांडीचं टोक तिच्यात बुडवायचं, तो शिक्का. डाव्या हाताच्या दोन बोटांनी धागा कागदाच्या काठाला ताणून धरायचा, उजव्या हाताने गाठीच्या बाजूला शिक्का टेकायचा.

पण कोणत्या गाठीवर मारतात हे मला कळू द्यायचं नव्हतं, आणि शिक्का घरात बसला की रेघेवर पडला हे बघायला मीच हवी होते. आत्याबाईंनी तोडगा काढला. त्यांनी पाचही गाठींवर पाच शिक्के मारले आणि म्हणाल्या, "आता पाह्य."

पाच हळदीचे ठिपके, पाच घरांत, बरोबर मधोमध. एकही रेघेवर नव्हता. मी इतकी खूश झाले की लगेच दुसरा कागद दिला. त्याच्यावरही पाच. आम्ही गल्लीतून गोळा करून सात कागद संपवले, सगळे तसेच. नवरा आला तेव्हा आत्याबाईंचे हात पिवळे होते. हे काय आहे, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "माह्यं लग्न ठरलं गा."

नवऱ्याचा विचार मागच्या वेळेसारखाच होता. तो आत्याला घेऊन जाईल, मी मुलीला सांभाळून नंतर जाईन. आत्याबाईंनी जेवताना सहज विषय काढला की आजकाल बायांची रांग वेगळी असते म्हणतात, पुरुषांच्या रांगेत म्हातारीनं काहून उभं राहावं. नवऱ्यालाही ते पटलं. त्याने मला नीट सांगितलं, घोडा, वरून दुसरा. तुह्यंबी अन् आत्याचंबी, दोन्ही तूच मारून दे. मी मान हलवली. त्याच्यापुढे माझी मान आपोआप हलते.

मला वेगळीच चिंता होती. तिथे साहेबांपुढे बोलणार कोण? आत्याबाई बोलल्या असत्या, पण आंधळ्या म्हातारीचं कोण ऐकतं, असं त्याच म्हणाल्या. वाचता येणारी बाई बोलली तर ऐकतील. म्हणून मी एक वाक्य ठरवलं. "साहेब, यांना सगळं समजते, तुम्ही फक्त कागद सरळ ठेवा." कणीक मळताना, भांडी घासताना, नळावर रांगेत, मी ते वाक्य मनात म्हणत होते. मुलीला झोपवताना एकदा तोंडातून मोठ्याने गेलं, तर ती उठून बसली.

मतदान महापालिकेच्या शाळेत होतं. शाळेला तीन उंच पायऱ्या आणि वर एक उंबरठा. आत्याबाईंनी पहिल्या पायरीला पाय लावून उंची बघितली आणि म्हणाल्या की ही शाळा लेकरांसाठी बांधली का उंटांसाठी. रांगेतल्या बाया हसल्या. एकीने पुढे जागा दिली.

आत तीन टेबलं. पहिल्यावर नाव शोधलं, दुसऱ्यावर शाई लावली. तिसऱ्याजवळ मोठे साहेब होते, चष्मा लावलेले, बहुतेक कुठल्या तरी ऑफिसातले हेडक्लार्क असावेत. त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं आणि मला सांगितलं की बाई, तुम्ही यांच्यासोबत जा आणि मारून द्या. माझं वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं. साहेब म्हणाले, काय? मी पुन्हा म्हटलं. साहेब म्हणाले, जरा मोठ्याने. आत्याबाईंनी माझ्या कमरेला कोपर मारलं.

"साहेब, यांना सगळं समजते, तुम्ही फक्त कागद सरळ ठेवा."

माझाच आवाज मला शाळेच्या पत्र्यावर आपटून परत आल्यासारखा वाटला. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. आत्याबाईंनी कनवटीचा धागा काढून साहेबांपुढे धरला आणि बोटाने एकेक गाठ दाखवून समजावलं. बाकावर उमेदवारांची माणसं बसली होती. त्यांतला शेटजींचा माणूस उठला. तो आम्हाला ओळखत होता. तो म्हणाला की हे काय नवीन, सोबत बाई आहे तर ती मारून देईल, दरवेळी असंच होते, धागेदोरे आत न्यायचं कुठं लिहिलं आहे?

साहेबांनी धागा हातात घेतला, चष्मा वर सारून बघितला, नमुन्याच्या कागदाला लावून बघितला. मग त्या माणसाला म्हणाले की न्यायचं नाही असंही कुठं लिहिलेलं नाही. बसा.

त्यानंतर एक नवीनच अडचण आली. पुठ्ठ्याच्या आडोशामागचं टेबल मोठ्या माणसांच्या उंचीचं होतं. आत्याबाई बुटक्या, आणि त्यांचा सगळा जन्म जमिनीवर बसून काम करण्यात गेलेला. उभ्याने त्यांचा हात टेबलावर खांद्याच्या उंचीला येत होता. तशाने धागा ताणता येईना. मी मनात म्हटलं, संपलं. आता मलाच जावं लागणार. आत्याबाईंच्या ओठांकडे बघितलं, ते बारीक झाले होते.

साहेबांनी शिपायाला सांगितलं आणि पहिलीच्या वर्गातला, मुलं मांडी घालून लिहितात तो बुटका डेस्क आणवला. तो जमिनीवर ठेवला, पुठ्ठ्याचा आडोसा उचलून त्याच्यावर लावला. आत्याबाई मांडी घालून बसल्या, जशा रहाटाशी बसतात. साहेबांनी मतपत्रिका स्वतःच्या हाताने डेस्कवर ठेवली, सरळ आहे म्हणाले, शिक्का हातात दिला, आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. शेटजींचा माणूस मान लांब करत होता, त्याच्यापुढेच उभे राहिले. मीही पाठ केली.

मागून काही आवाज आला नाही. रांगेतली एक बाई कुजबुजली की झोपली का म्हातारी. मग शिक्क्याचा एक आवाज. मग कागदाची घडी घातल्याचा. आत्याबाई कागद हातात घेऊन उभ्या राहिल्या. लुगड्याची घालतात तशी घडी, कडेला कड, इतकी नेमकी की साहेब म्हणाले, बाकीच्यांनाही शिकवा जरा. त्यांनी आत्याबाईंचं बोट पेटीच्या भेगेवर नेऊन टेकवलं. कागद आत पडला. आत्याबाई पेटीवर हात ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या, जणू आत काही हलतंय का बघत होत्या.

मग मी माझं मत दिलं. तोपर्यंत नवरा सांगेल तिथे मी शिक्का मारत होते. त्या दिवशी पुठ्ठ्यामागे मी थोडी जास्त वेळ उभी राहिले. कुठे मारला ते मी इथेही लिहीत नाही.

घरी येताना आत्याबाईंनी ते बोट वर धरूनच ठेवलं होतं. जो भेटेल त्याला विचारायच्या, पाह्य बरं, सुकली का शाई? संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीने त्यांची शाई पाहिली. नवऱ्याने मला विचारलं, झालं ना? मी मान हलवली. तो गांधीबागेत जाऊन शेटजींना सांगून आला की तिन्ही मतं घोड्याला.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने नवीन ताणा लावून नवीन लुगडं सुरू केलं. मी चुलीपाशी तांदूळ निवडत होते. त्याला पदराच्या पट्ट्यांचं अंतर हवं होतं, त्याने आत्याबाईंना बोलावलं. मागात विणलेलं कापड विणणाऱ्याच्या पोटाजवळच्या लाकडी रुळावर गुंडाळलं जातं. म्हणजे कापडाची सुरुवात पोटाशी, आणि विणणं पुढे पुढे सरकत जातं. आत्याबाई मागाशी वाकल्या, खिळ्यावरचा धागा घेतला, मोठी गाठ पोटाजवळच्या त्या रुळावर टेकवली, आणि समोरच्या बाजूला मोजत गेल्या. एक, दोन, तीन, चार.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मी शाळेत गेलेली. माझा कागद वरून सुरू होतो. माझी मोठी गाठ वरच्या काठाची. आत्याबाई शाळेत गेल्याच नव्हत्या. त्यांची सुरुवात जन्मभर पोटाशी. मी त्यांना सुरुवात म्हटलं होतं, कुठली ते सांगितलं नव्हतं, कारण दुसरी कुठली असते हे मला माहीतच नव्हतं. आणि तालमीत पाचही गाठींवर शिक्के मारले तर पाचही घरं भरणारच, इकडून मोजा की तिकडून.

नवरा जेवून बाहेर गेल्यावर मी उरलेला एक नमुन्याचा कागद काढला आणि पोटाकडून मोजलं. होडी, मग तराजू, मग कुलूप, मग घोडा. आत्याबाईंची चौथी गाठ तराजूची होती. पोटाकडून चौथं घर घोड्याचं.

तराजूच असेल असं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. पण नालीत पाय गेलेल्या माणसाला हसताना मी त्यांना ऐकलं होतं. तसं हसणं त्या दुसऱ्या कोणाला देत नसत.

चार दिवस मी बोलले नाही. बोलून काय उपयोग, पेटी परत उघडत नाही. न बोलून काय उपयोग, तर त्या खुशीत होत्या, कांड्या घट्ट भरत होत्या. शाई अजून बोटावर होती. मधल्या काळात निकाल लागला. निवडून आला कुलूपवाला, ज्याला आम्ही कोणी पाहिलंही नव्हतं. शेटजी पडले, तराजूही पडला. मला वाटलं आता सांगायला हरकत नाही. पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण हे की मी न सांगता ठेवलं असतं, तर मीही त्यांच्या मताचं तेच केलं असतं जे नवऱ्याने केलं.

त्या रहाटाशी होत्या. मी समोर बसले. म्हटलं, आत्याबाई, त्या दिवशी तुम्ही मोठी गाठ कुठे धरली होती?

"कुठं म्हणजे? पोटाशी. तिथूनच तं सुरू होते."

"कागद डोक्याकडून सुरू होते, आत्याबाई."

रहाट थांबला. त्यांचा अंगठा एकेका बोटावरून सरकू लागला. खालून वर गेला, वरून खाली आला. चौथ्यावर थांबला. मग दुसऱ्यावर आला. मला वाटलं आता रडतील, किंवा मला बोलतील, आणि ते माझ्या वाट्याचं होतंच.

त्या म्हणाल्या, "म्हणजे मी घोड्यावर जाऊन बसली."

आणि हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलत होते. मग आवाज फुटला. माझी मुलगी धावत आली, तीही कारण नसताना हसायला लागली. मग मीही. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "माह्या भाच्याले सांगू नको वं, फुकट खूश होईन. तो शेटजीले जे सांगून आला, ते खरंच निघालं."

मी म्हटलं की चूक माझी आहे. मी नीट सांगायला हवं होतं.

त्या म्हणाल्या, "गेल्या वेळी शेटजीले मत माह्या भाच्यानं देल्लं. या वेळी मी देल्लं. चुकलं तं माह्या हातानं चुकलं."

मग त्यांनी धागा मागितला. मोठी गाठ दातांनी सोडली. धागा उलटा केला आणि दुसऱ्या टोकाला तशीच मोठी गाठ मारली. पोटाशी होडी, आणि चढत चढत वर छत्री. बोट फिरवून बघितलं. मागाच्या खिळ्यावर न लावता, कोनाड्यात दिव्याच्या मागे ठेवला, म्हणजे भाचा चुकून एखाद्या लुगड्यावर लावणार नाही.

नालीवर फरशी काही कोणी टाकली नाही. पुढल्या उन्हाळ्यात नवऱ्यानेच जुन्या मागाची एक फळी आडवी टाकली.

त्यानंतरची निवडणूक लवकर आली नाही. आली तेव्हा मतपत्रिकेवरच्या घरांची संख्या वेगळी होती, निशाण्या वेगळ्या, म्हणून धागा नवीन करावा लागला. या वेळी पोटाकडून. आत्याबाई खूप थकल्या होत्या, तरी पायऱ्या चढल्या, बुटका डेस्क मागितला, शिक्का मारला. कोणाला ते मी विचारलं नाही. त्या वेळी आमच्या गल्लीतल्या आणखी दोघींनी तसा धागा मागितला होता. एकीला मोतीबिंदू, दुसरी जन्मापासून आंधळी, तिचं माहेर कुंभाराचं. आत्याबाईंनी दोघींना आपल्या हातांनी धागे करून दिले. पण गाठ मारण्याआधी प्रत्येकीचा हात हातात घेऊन विचारलं, "तू कोणीकडून मोजते वं, पोटाकडून का डोक्याकडून?"